एका कंदिलाखालची पिल्लं

माझ्या हाताला यश आहे असं आमच्या वाडीत सगळे म्हणायचे आणि मला ते मनापासून पटलेलं होतं. मी लावलेला भोपळा मांडवभर पसरायचा, मी घातलेलं विरजण कधी फसायचं नाही, आणि मी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवलेली कोंबडी पाटीभर पिल्लं घेऊनच उठायची. बाईमाणसाला कुणी सहसा चांगलं म्हणत नाही, त्यामुळे कुणी म्हटलं की ते डोक्यात जातं. माझ्या जरा जास्तच गेलं होतं.

माहेर माझं बिरवाडीचं. आता तिथे कारखाने उभे आहेत, तेव्हा भाताची खाचरं होती. मी सातवीच्या फायनलपर्यंत शिकलेली, वर्तमानपत्र वाचणारी, आणि लग्न होऊन पडले ती पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. नाचणी-वरीचा मुलूख. घरचे दोघे भाऊ मुंबईला. माझे यजमान गिरणीत कायम होते. धाकट्या दिरांचं काम मात्र आज आहे तर उद्या नाही, असं. सासूबाई गेल्या आणि घर माझ्या हातात आलं. माझे दोन मुलगे, धाकटी जाऊ आणि तिची एकुलती एक पोर, एवढी माणसं एका चुलीवर. चूल एक आहे याचा मला फार अभिमान. गावात दर दोन घरांआड एक घर फुटत होतं, आमचं फुटलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे, असं मी स्वतःच स्वतःला सांगत असे.

आमच्याकडे मुलं एकाच परातीत जेवत. एका परातीत हात घालून जेवलेली भावंडं पुढे बांधावरून भांडत नाहीत असं म्हणतात. खरकटी भांडीही कमी निघतात, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. मी परातीत नाचणीच्या भाकरीचे तुकडे करून वर कालवण ओतायची, भात असला तर भाताचा ढीग करायची, आणि तिन्ही मुलं भोवती बसायची. माझे दोघे दांडगे, सात-आठ वर्षांचे. धाकटीची पोर चारेक वर्षांची. मी परात ठेवली की माझं काम झालं, पुढचं देव बघून घेईल.

पोर मात्र अंगाला लागत नव्हती. हातापायाच्या काड्या, पोट तेवढं पुढं. धाकटी कधी काही मागायची नाही, पण त्या उन्हाळ्यात ती म्हणाली की पोरीला एकदा महाडला दाखवावं. मीच घेऊन गेले दोघींना. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, नीट जेवते का? धाकटी तोंड उघडायच्या आत मी उत्तर दिलं, "भरपूर जेवते, माझ्या मुलांबरोबर बसते." धाकटी खाली बघत पोरीच्या झग्याची गाठ सोडत-बांधत राहिली. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, अंगकाठी तशी असेल. रोज एक अंडं द्या.

रोज एक अंडं सांगायला सोपं. आमच्या गावठी कोंबड्या चार दिवस अंडी घालायच्या आणि मग अंडी बंद करून महिनाभर खुडूक होऊन बसायच्या. जी अंडी मिळत ती रवणीला ठेवायची, नाहीतर पाव्हण्याला. लेकराला, त्यातही मुलीला, रोज अंडं म्हणजे वाडीत चेष्टेचा विषय. पण त्याच सुमाराला पंचायतीतून पांढऱ्या कोंबड्यांची पिल्लं द्यायला सुरुवात झाली होती. ही जात जवळजवळ रोज अंडं देते आणि खुडूक म्हणून बसत नाही, असं ग्रामसेवक सांगत फिरत होता. मी नाव दिलं. दुसऱ्या दिवशी धाकटीने मला विचारून स्वतःचं वेगळं नाव दिलं. लग्न होऊन आल्यापासून तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली वस्तू. ती म्हणाली, "पोरीच्या अंड्यापुरती झाली तरी बास." मी होकार दिला, मोठ्या मनाने, असं मला तेव्हा वाटलं.

माझी पिल्लं आधी आली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून, एस्टीने पोलादपूरपर्यंत आणि तिथून माझ्या डोक्यावरून. आई नसलेली पिल्लं वाढवायची म्हणजे ऊब आपण द्यायची. मी पडवीत बांबूच्या तट्ट्याचं गोल कुंपण केलं, खाली भाताचा तूस पसरला, मध्ये आढ्याला दोरीने कंदील टांगला आणि त्याच्यावर बुडाला भोकं पाडलेला जुना डबा उलटा अडकवला, म्हणजे ऊब खाली उतरावी. कोपरा ठेवायचा नाही, कोपऱ्यात पिल्लं ढीग करतात आणि खालची चेंगरतात, हे ग्रामसेवकाने सांगितलं होतं. कणी, नाचणीचं पीठ आणि सुक्या जवळ्याचा कूट, असं खाणं. बशीत पाणी, आणि पाण्यात खडे, म्हणजे कुणी बुडू नये. एकही मेलं नाही. ग्रामसेवक बघायला आला तेव्हा शेजारणीही जमल्या, आणि मी कंदील वर-खाली करून दाखवला. हाताला यश ते हेच, असं एक म्हातारी म्हणाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

धाकटीची पिल्लं आठ-दहा दिवसांनी आली. तोवर माझ्या पिल्लांच्या पंखांना पिसं फुटायला लागली होती, पाय लांब झाले होते. तिची अजून पिवळ्या कापसाची, दोन बोटांच्या चिमटीत मावतील एवढी.

आता प्रश्न कंदिलाचा. घरात कंदील दोन, एक पिल्लांकडे आणि एक माणसांकडे. घासलेट मापून मिळायचं. धाकटी खोका छातीशी धरून पडवीत उभी होती. तिने विचारलं, "येगळी ठेवू काय, आक्का? लय बारीक हायत."

मी हसले. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे. दोन कोंबड्या पुढे-मागे उठल्या की दिवेलागणीला एकीची पिल्लं दुसरीच्या पंखाखाली सरकवायची, म्हणजे एक कोंबडी पुन्हा अंड्यावर यायला मोकळी. सकाळी उठून कोंबडी बघते तर पिल्लं वाढलेली, पण तिला मोजता कुठे येतं? ती सगळ्यांना घेऊन उकिरड्यावर निघते. मी शेकडो पिल्लं अशी सरकवली होती. "अगो, खुडूक कोंबडी कधी पिल्लांची वयं विचारते काय?" मी म्हटलं, आणि दिवेलागणीला तिची पिल्लं माझ्या कुंपणात सोडली. एक चूल, एक परात, आता एक कंदील. मला ते फार शोभून दिसलं.

कोंबडीला चोच असते आणि कंदिलाला नसते, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. दांडगं पिल्लू बारक्याच्या अंगावर चढलं की कोंबडी त्याला टोचून बाजूला करते. दाणा सापडला की कुक्‌कुक् करून सगळ्यांना बोलावते. गारठली असतील त्यांना पोटाखाली घेते, उकडत असेल ते आपण होऊन पंखातून डोकं बाहेर काढतं. कंदील नुसता लोंबकळतो.

पहिला दिवस गोड गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी पिल्लं चोची उघड्या टाकून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून लांब धरून. त्यांना आता एवढी ऊब नको होती. मी कंदील वीतभर वर घेतला. ती शांत झाली, आणि धाकटीची पिल्लं चिंचिं करायला लागली. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट आहे ही. दोरी माझ्या हातात होती, दोन्ही आवाज माझ्या कानावर होते, आणि मी कंदील माझ्या पिल्लांच्या मापाने टांगून चुलीकडे गेले.

धाकटी येता-जाता कुंपणाशी बसायची. आपली पिल्लं ओंजळीत धरून उजेडाखाली आणून सोडायची. मी ओरडायची, सारखा हात लावू नकोस, माणसाच्या हाताची सवय लागते. ती हात काढून घ्यायची. मी आत गेले की पुन्हा घालायची, तेही मला ठाऊक होतं.

पहिलं मेलं ते तट्ट्याच्या कडेला, चपटं होऊन. बारकी पिल्लं उबेसाठी एकमेकांवर चढली होती आणि ते खाली सापडलं होतं. मी म्हटलं, प्रवासात दमलेलं असणार. मग आणखी मेली. मी म्हटलं, हा खोकाच वाईट निघाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एकाच्या पायाचं बोट माझ्या एका दांडग्या पिल्लाने टोचलं, रक्त आलं, आणि लाल दिसताच बाकीची सगळी त्याच्यावर धावून गेली. मी त्याला उचलून जखमेवर कंदिलाच्या काचेची काजळी खोबरेल तेलात कालवून लावली, लाल दिसू नये म्हणून. तरी ते संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. धाकटी त्याला पदराखाली धरून बसली होती. तिच्याकडे बघून माझ्या मनात काय आलं कोण जाणे, कदाचित मला कुणीतरी दोषी हवं होतं. मी म्हटलं, "सगळ्यांच्याच हाताला यश नसतं गो."

ती पिल्लू घेऊन परसात गेली आणि केळीच्या बुंध्याशी माती उकरायला लागली. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण शब्द परत घेण्याइतकं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रानात पातेऱ्याला, वाळला पाला गोळा करायला, गेली होती. मी मुलांपुढे परात ठेवली आणि ती जेवतायत तोवर पिल्लांना घालावं म्हणून पडवीच्या दारात बसले. कणीचं ताट कुंपणात सरकवलं. माझी पिल्लं धावली, ताटावर चढली, पाय रोवून उभी राहिली. धाकटीची उरलेली चार-पाच मागे उभी. मी त्यांना कधी नीट बघितलंच नव्हतं, मी नेहमी सगळ्यांना मिळून बघायची. ती पुढे येतच नव्हती. कोणी टोचत नव्हतं, कोणी हाकलत नव्हतं. आधीच्या दिवसांत जे काय शिकायचं ते शिकून झालं होतं. मान तिरकी करून ताटाकडे बघत उभी होती. मोठी पोट भरून बाजूला झाली तेव्हा ती आली आणि रिकामं ताट टोचायला लागली. टक्‌टक् आवाज येत होता नुसता. मग तूस टोचायला लागली.

मी आवाज ऐकून मान वळवली, कारण तसाच आवाज घरातूनही येत होता. माझे दोघे मुलगे उठून हात धुवायला गेले होते. पोर परातीपुढे एकटी बसली होती आणि बोटाने परातीच्या कडेचं कालवण पुसून चाटत होती. तिची नखं पितळेवर वाजत होती. भाकरी संपली होती. मग तिने तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायली, पोट भरेपर्यंत. ते पुढे आलेलं पोट.

मी दारात बसून राहिले. भरपूर जेवते, माझ्या मुलांबरोबर बसते. डॉक्टरांपुढे मीच म्हटलं होतं. माझ्या मुलांना मी दोष देत नाही, ती भुकेली होती आणि जेवत होती. त्यांनी तिच्या हातातलं कधी ओढून घेतलं नाही. परात मी ठेवत होते आणि पाठ मी फिरवत होते. दिवसातून दोनदा, किती वर्षं ते देवाला ठाऊक.

धाकटी पातेऱ्याचा भारा टाकून येईपर्यंत मी दुसरं तट्ट्याचं कुंपण बांधून ठेवलं होतं. माणसांचा कंदील काढून त्यात टांगला होता, अगदी खाली. त्या दिवसापासून पिल्लांना पिसं फुटेपर्यंत आम्ही चुलीच्या उजेडात जेवलो. तिने दोन कुंपणं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिची पिल्लं एकेक करून नव्या कुंपणात नेली.

संध्याकाळी मी पोरीला वेगळं ताट वाढलं. माझ्या सासऱ्यांचं होतं, काठाचं. दोन भाकऱ्या, कालवण, वर भात. मुलांची परात एका बाजूला आणि तिचं ताट माझ्याजवळ. मला वाटलं, आता ती तुटून पडेल, आणि माझ्या जिवाला थोडं बरं वाटेल.

पोर ताटापुढे मांडी घालून बसली आणि बघत राहिली. ताटाकडे नाही, मुलांच्या परातीकडे. मी म्हटलं जेव. ती हलली नाही. मी घास करून तोंडाशी नेला तर तिने मान वळवली आणि हळूच म्हणाली, "मोठे आय, दादांचं होऊ दे."

मी धाकटीकडे पाहिलं. ती चुलीतली लाकडं मागे ओढत होती. माझ्याकडे न बघता ती बोलली. तेवढं लांब बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"मला दिसत नव्हतं असं वाटलं काय तुमाला? मीच तिला शिकवलंय, आक्का. दादांचं होऊ दे, मंग खा. ह्यांच्या कामाचा भरवसा नाय. घर तुमच्या जिवावर हाय. पोरीनं तुमच्या पोरांच्या पुढनं उचललं आसं उद्या कुनी बोललं आनि चूल येगळी झाली, तर आमी मायलेकींनी जायाचं कुठं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, भांडण मला येत होतं. मी भरवायला घेतलेला घास हातातच राहिला. एक चूल, एक चूल म्हणून मी मिरवत होते, आणि ती चूल टिकवायला कोण काय देत होतं ते मला ठाऊकच नव्हतं. मुलं जेवून उठली. मग पोरीने भाताला हात लावला आणि खूप वेळ, खाली मान घालून, सगळं जेवली.

धाकटीची दोन पिल्लं जगली. दोन्ही कोंबडे निघाले. माझ्या कोंबड्या मात्र दिवाळीनंतर घालायला लागल्या, आणि पहिलं अंडं मी त्या पोरीला दिलं. त्यानंतर रोज दिलं, वाडीने काय चेष्टा करायची ती केली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. अंडं माझ्या कोंबडीचं होतं, म्हणजे ते पुन्हा माझ्या हातून मिळालेलं अंडं होतं. धाकटीला ते स्वतःच्या कोंबडीचं द्यायचं होतं, आणि ते मी तिला कधी देऊ शकले नाही. उकडलेलं अंडं हातात आलं की पोर ते फोडायची, अर्धं दादांना नेऊन द्यायची आणि मग उरलेलं खायची. मी रागावले, समोर बसवलं, दार लावून घेतलं. दार लावलं की ती अंडं मुठीत धरून बसायची.

तिला अंग धरलं, उंची आली. मुलगे आता म्हातारे झाले, आणि खरंच, बांधावरून आजवर कुणी कुणाशी भांडलं नाही. धाकटी गेली त्याला वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तिचं मी सगळं केलं. एकदा तिचे पाय चेपताना मी म्हटलं, ते हाताच्या यशाचं मी बोलायला नको होतं. ती म्हणाली, कधी बोललात? तिला आठवत नव्हतं, की आठवून ती तसं म्हणाली, ते मला अजून उमगलेलं नाही.

पोर महाडला असते. तिलाही आता सून आहे. मध्ये मी तिच्याकडे चार दिवस राहायला गेले. दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. तिने माझं ताट वाढलं, आणि मी हट्ट धरला म्हणून स्वतःचंही वाढून समोर बसली. मी हात मांडीवर ठेवून म्हटलं, आज तू आधी घास घे, मग मी. ती हसली. म्हणाली, "काय गो मोठे आय, लहान पोरासारखी. तू जेव, माझं होईल."

मी म्हटलं, नाही. तीही बसून राहिली, हसत, पदराने ताटावरची माशी वारत. डाळ निवायला लागली. मला वाटलं, आज संध्याकाळ झाली तरी चालेल, पण हिने आधी जेवावं. पण मी आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, सकाळच्या गोळ्या पोटात होत्या, आणि मला भूक लागली होती.

शेवटी मीच घास उचलला. माझी अर्धी भाकरी झाल्यावर तिने ताटाला हात लावला.